उलटीचे बावीस सेकंद

‘शी!’ हा शब्द तोंडातून निघून गेला आणि मग मायाच्या ध्यानात आलं, की तो आपण आपल्या सख्ख्या बापाला म्हटला. अमरावतीच्या त्या सरकारी कचेरीत डबे खायची वेळ होती. शेजारच्या टेबलावरची पायल एका हातानं पोळी मोडत होती आणि दुसऱ्या हातातला मोबाईल तिनं मायाच्या नाकाशी धरला होता. “बघा ना मॅडम, किती घाण! जेवताना बघू नये, पण तुम्ही बघाच.” पडद्यावर एक म्हातारा उकिडवा बसला होता. अंगात बारदानाचा सदरा, तोंडाला राख फासलेली, मागं पडकी भिंत. त्यानं गंजक्या डब्यातलं पाणी तोंडाला लावलं, दोन-तीन घोट घेतले, जरा थांबला, आणि भडाभडा ओकला. थोडंथोडकं नाही; तोंडातून, नाकातून, सदऱ्यावर, मांडीवर. कोण्या रिकामटेकड्यानं त्या दृश्याला ढोलकी लावली होती आणि दर उमाशाला थाप बरोबर पडत होती. पायल हसत होती, पलीकडचे दोघं वाकून वाकून हसत होते, मायाच्या घशाशी वांग्याची भाजी आली आणि ती म्हणाली, शी. तेवढ्यात त्या म्हाताऱ्यानं डाव्या हातानं आपला उजवा कान गच्च धरला. ओकताना असा कान धरणारा माणूस मायानं उभ्या जन्मात एकच पाहिला होता. “ओळखीचा आहे का कोणी? तुमच्या अकोल्याकडचाच पिक्चर आहे म्हणे,” पायल म्हणाली. “नाही,” माया म्हणाली आणि तिनं डब्याचं झाकण लावलं.

हे ‘नाही’ तसं पाहिलं तर अगदीच खोटं नव्हतं, अशी तिनं स्वतःची समजूत घालून पाहिली. पिक्चर तिनं कुठं पाहिला होता? ललित, तिचा धाकटा भाऊ, अकोल्यात लग्नाच्या शूटिंगची कामं करतो. नवरानवरीला गुलाबी धुरातून चालवून चालवून तो विटला, आणि होळीच्या सुमारास, लगनसराई सुरू व्हायच्या आधी, त्यानं आपल्याच कॅमेऱ्यावर आणि मित्रांच्या जिवावर स्वतःचा पिक्चर काढला. नाव ‘उरले सहा’. जग बुडालेलं आहे. कशानं बुडालं ते पिक्चरमध्ये कोणी सांगत नाही. सहा माणसं एका बंद जिनिंग फॅक्टरीत राहतात आणि एका हापशीपायी एकमेकांच्या जिवावर उठतात. तोंडाला कपाशीच्या फवारणीचे मुखवटे, अंगाला बारदान, आणि आभाळातून पडणारी राख म्हणजे जिनाच्या कोपऱ्यात साचलेली जुनी रुई, टेबलफॅननं उडवलेली. ती फॅक्टरी अकोटच्या खाली, त्यांच्या गावाच्या शिवेवर. बाबा, म्हणजे देवमन, त्याच फॅक्टरीत तीस वर्षं रेच्यावर कपाशीतून सरकी वेगळी करत होते, म्हणून म्हाताऱ्याचं काम आपसूक त्यांच्याकडं आलं. तीन आठवड्यांपूर्वी ललितनं लिंक पाठवली होती. मायानं उलट एक अंगठा आणि दोन फुलं धाडली, आणि लिंक उघडली नाही. वेळ नव्हता असं नाही. त्याच आठवड्यात तिनं एका मालिकेचे नऊ भाग पाहिले होते. पण आपल्या माणसांनी केलेली गोष्ट वाईट असणार, ओशाळवाणी असणार, ही तिची जुनी खात्री; आणि ती खात्री पडताळून पाहण्यापेक्षा फुलं पाठवणं परवडतं.

चार वाजता ती बायकांच्या बाथरूममध्ये गेली आणि कडी लावून उभ्याउभ्याच मोबाईल वाचत राहिली. फिनेलचा वास, त्याखालून दुसरा वास, नळाची टिपटिप. पिक्चरच्या खाली माणसं एकावर एक बोलून गेली होती. ‘भाऊ, कॅमेरा हलून राहिला का धरती?’ ‘जगबुडी झाली पण बुढ्याचं पोट काही साफ नाही झालं.’ ‘अकोल्यात शूटिंग केलं का सेटचा खर्च वाचते.’ ‘अंकल को कोई ओआरएस पिलाओ.’ ‘जेवत होतो, ताट सारलं. फुकट पाहिला तरी पैसे वापस करा.’ ‘एवढी घाण दाखवायची गरज होती का? आपल्या भागाची बदनामी.’ ओआरएसवाल्याला अकराशे लोकांनी हृदयं दिली होती. खूप खाली, जिथं कोणी सहसा जात नाही तिथं, एकानं लिहिलं होतं, ‘बाकी पाच जण नटून आलेले आहेत. हा म्हातारा मात्र खरंच ओकतो आहे. कॅमेरा बंद का केला नाही?’ त्याला तिघांनी मान डोलावली होती. माया त्या ओळीपाशी थांबली ती थांबलीच. बाहेरून कोणी दार वाजवलं तेव्हा तिनं उगाच नळ सोडला. तिला पहिली किळस आली ती हसणाऱ्यांची. मग ललितची आली, आणि ती चांगली ठसठशीत होती, हाताशी धरता येईल अशी. तिच्यामागं आणखी एक किळस उभी होती. तिच्याकडं तिनं पाहिलं नाही, हात धुतले आणि बाहेर आली.

घरी आल्यावर नवऱ्यानं, नागसेननं, चहा दिला. ती चहाकडं पाहत बसली. माहेरी असा चहा व्हायचा नाही. खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याचा चहा केला की दूध फाटतं. तुरीची डाळ तासभर रटरटली तरी दाणा दातांखाली कचकचतो. साबणाला फेस येत नाही, आणि पाण्याच्या गुंडाच्या आत पांढरा थर चढतो तो चिंचेनंही निघत नाही. ह्या पाण्यावर माया सतरा वर्षं वाढली आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. मग ती कॉलेजला अमरावतीला आली. होस्टेलच्या नळाचं पाणी पहिल्यांदा प्यायली तेव्हा तिला वाटलं, ह्यात काहीतरी घालायचं राहिलंय. खोलीतल्या मुलींनी तिच्या दातांवरचे पिवळे डाग पाहून विचारलं, तू तंबाखू खातेस का? त्या रात्री तिनं कोळशानं दात घासले होते, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. पुढं पहिल्या पगारात दात साफ करून घेतले, बोलण्यातून ‘मले-तुले’ गेलं, ‘काहून’ गेलं, आणि दोनेक वर्षांत पोटही शहाणं झालं: गावचं पाणी प्यायली की ढाळ लागायचे. आई मैनाबाई होती तोवर ती मायासाठी पावसाचं पाणी रांजणात राखून ठेवायची. आई गेल्यावर ते राखणं बाबांकडं आलं. उलट बाबा अमरावतीला आले की इथल्या पाण्याचा घोट घेऊन म्हणायचे, “हे पाणी हाय का नुसता ओलावा?” आणि गिलासात चिमूटभर मीठ टाकायचे. एकदा नागसेनचे साहेब घरी आलेले असताना त्यांनी तसं मीठ मागितलं. माया स्वयंपाकघरातून म्हणाली, मीठ संपलंय बाबा. मिठाची बरणी तिच्या हातात होती. बाबांनी तो ओलावा मुकाट्यानं पिऊन टाकला, वर साहेबांना म्हणाले, तुमच्या अमरावतीचं पाणी लय गोड.

तर वर चढायला तिला जी शिडी मिळाली ती किळसेची. दुसऱ्यांना दुसऱ्या मिळत असतील. तिला मातीचा वास, ढोरांचा वास, जिनातून येणाऱ्या बाबांच्या अंगाचा तेलकट सरकीचा वास, त्यांच्या केसांत अडकलेली रुई, जेवताना त्यांचा खोकला, ह्या सगळ्यांची एकेक करून शिसारी आली आणि एकेक पायरी चढत ती सरकारी नोकरीपर्यंत पोचली. बाबासाहेबांनी शिका म्हटलं, ती शिकली. त्यात कोणाला नावं ठेवायला जागा नव्हती. बाबा तर गावभर सांगत हिंडायचे, माही पोरगी टेबलावर बसते. टेबलाशी बसते म्हणा बाबा, असं ती एकदा म्हणाली होती.

आणि ते शूटिंग. तेही तिनं पाहिलं होतं, एक दिवस. बाबांनी तीनदा फोन केला होता. “ये वं, पाहून जा. पुन्हा काही मी हिरो होत नाही.” होळी होऊन चारच दिवस झाले होते, पण ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. ती अकोटच्या फाट्यावरून ऑटो करून फॅक्टरीत पोचली तेव्हा पोरं बारदानं घालून मोबाईल पाहत बसली होती. छपराचे पत्रे गेलेले, रेच्यांच्या जागी नुसते नटबोल्टचे खड्डे, आणि हापशीभोवती गाळ. त्या गाळात शेण होतं, कुठंतरी घूस मरून पडली होती, आणि तो वास उन्हानं शिजत होता. माया पदर नाकाला लावून कडुनिंबाखाली उभी राहिली. बाबा राख फासून इकडून तिकडं मिरवत होते, मधूनच तिच्याकडं येत होते, परत जात होते. मग ललित ओरडला, शांत राहा, आणि बाबा डबा घेऊन हापशीपाशी बसले. त्यांनी आधी तिच्याकडं पाहिलं. “पाहून राहिली ना वं?” तिनं मान हलवली. पहिल्या उमाशाबरोबर तिनं तोंड फिरवलं. समोर कंपाउंडची भिंत होती, भिंतीवर कापसाच्या भावाची जुनी पाटी होती, ती तिनं तीन-चारदा वाचली. मागून आवाज येत राहिले, मग पोरांनी टाळ्या पिटल्या, एक नंबर, एक नंबर बाबा! नटले बुवा चांगले, असं ती मनात म्हणाली. बाबा भिंतीला टेकून बसले होते आणि तिला हात करत होते, आणि तिला बस गाठायची होती. जूनमध्ये बाबांचं डायलिसिस सुरू झालं. किडन्या आधीपासूनच खराब होत्या, त्या गावात कोणाच्या चांगल्या आहेत? अकोल्याच्या डॉक्टरला तिनं विचारलं, उन्हातान्हात शूटिंग केल्यानं झालं का? डॉक्टर म्हणाले, “बाई, एका दिवसात किडनी जात नसते.” हे वाक्य तिनं जपून ठेवलं होतं.

आता तो कान दिसल्यावर ते वाक्य पुरेना. बाबा नटले नव्हते. लहानपणी एकदा जिनातल्या धुळीनं त्यांना असंच झालं होतं. अंगणात ओणवे होऊन, डाव्या हातानं उजवा कान धरून ते ओकत होते आणि आई पाठीवरून हात फिरवत होती. म्हणजे खरं ओकणारा म्हातारा समोर होता आणि पोटच्या पोरानं कॅमेरा चालू ठेवला. येत्या रविवारी सकाळी अकोल्यात एका सभागृहात ‘उरले सहा’ मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. गावची माणसं येणार, नातलग येणार, बाबा स्वतः बसणार, आणि सगळ्यांसमोर बाबा ओकणार. मायानं ठरवलं, ते बावीस सेकंद कापायला लावायचे. तिनं ते मोजले होते. नाहीतर ललितचं आणि आपलं तोंडपाहणं बंद. असं ठरवल्यावर तिला दोन दिवस बरं वाटलं. शुक्रवारी पायलनं पुन्हा तीच ढोलकी कोणाला तरी ऐकवली तेव्हाही ती बोलली नाही. बोलायचं ते अकोल्याला.

रविवारी ती सकाळच्या बसनं निघाली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, खिडकीतून काळ्या रानात तुरी उभ्या होत्या. ती वाक्यं जुळवत होती. तुला लाज कशी नाही वाटली. बाप म्हणजे तुला काय, सामान वाटलं? ही वाक्यं प्रमाण भाषेत होती आणि फार चांगली होती. शेजारची बाई केळं खात होती, त्याच्या वासानंही तिला मळमळलं. गेले पाच दिवस तिला कशानंही मळमळत होतं. दुधाच्या सायीनं, कचेरीतल्या डिंकानं, नागसेनच्या खाकरण्यानं.

ललित सभागृहाच्या मागच्या दारात वायर गुंडाळत उभा होता. दाढी वाढलेली, डोळे जागरणानं लाल. बहिणीला पाहून त्याचं तोंड फुललं. “ताई! आली तू! पाह्यला का पिक्चर?”

“तेवढं पाहिलं.”

त्याचा चेहरा उतरला. “तेवढंच पाह्यलं सगळ्यायनं,” तो म्हणाला.

“ते काढ, ललित. आत्ता. ते खरं आहे. बाबा खरेच ओकत होते. त्यांनी कान धरलाय.”

ललित वायर गुंडाळत राहिला. “मले मागून समजलं. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाह्यलं तवा. तिथं असताना वाटलं, बाबा लय भारी करून राहिले. मी कट म्हनत होतो, त्यायनं हात केला, चालू ठेव.”

“आणि तू ठेवलंस.”

“ठेवलं. खोटं कायले बोलू, मले बंद करू नाही वाटलं.”

“लाज नाही वाटत तुले?” माया ओरडली, आणि ‘तुले’ आपल्या तोंडून निघालं हे तिचं तिलाच ऐकू आलं. जुळवलेली वाक्यं बसमध्येच राहिली होती.

“वाटते ना. लाज तं वाटतेच.” त्यानं वायर खाली ठेवली. “असं कर, बाबाले इचार. ते काढ म्हनले तं काढतो. लॅपटॉप इथंच हाय, पाच मिनिटाचं काम. पन त्यायले इचार.”

बाबा पहिल्या रांगेत होते. नवा पांढरा सदरा, डाव्या हाताच्या मनगटावर सुयांनी फुगलेली शीर, त्यावर पट्टी. तोंड सुजलेलं, कातडी राखेसारखी झालेली. आता मेकअप लागला नसता. बाजूला त्यांच्याच वयाचा एक माणूस होता. “हे किसनराव. माह्या बाजूच्या पलंगावरचे. मंगळवार-शुक्रवार आमची ड्युटी संगंच राह्यते,” बाबांनी ओळख करून दिली. डायलिसिसला ते ड्युटी म्हणायचे. किसनरावांनी तिला नमस्कार केला. बाबा तिला जवळ ओढून म्हणाले, “कमेंटा वाचल्या का वं? अकराशे लोकायनं मले ओआरएस पाजाले सांगतलं! आता कोन पाजते? दिवसाले मोजून पानी भेटते मले.” आणि ते हसले, आणि हसता हसता त्यांना धाप लागली. डायलिसिसच्या खोलीत सगळे बेड ऐकत होते म्हणे कमेंटा, नर्ससुद्धा. बाबांनी एकेक वाचून दाखवायची, आणि सगळ्यांनी हसायचं. मायाला ती खोली दिसली: नळ्या, रक्त फिरवणारी यंत्रं, आणि मधे हा माणूस आपल्या ओकारीवरच्या शिव्या मोठ्यानं वाचतो आहे.

“बाबा, तो सीन काढून टाकू,” ती हळू आवाजात म्हणाली. “ललित काढतो म्हणाला.”

“काहून?”

“लोक हसतात. घाण म्हणतात.”

“घाणच हाय ते. घाण नाही म्हनतीन तं काय अत्तर म्हनतीन?” बाबा तिच्याकडं वळले. “तेच तं एक काम हाय माहं त्या पिक्चरात. बाकी सारा वेळ मी नुसता बसून हावो. तीस वर्स रेच्यावर होतो, नाकातोंडात रुई जात होती, कोनी पाह्यलं का मले? कोनाले किळस आली का? आता येऊन राहिली तं येऊ दे.” मग त्यांनी तिला न्याहाळून विचारलं, “तुले आली का?”

“नाही,” माया म्हणाली.

“मंग तं फेल झालो मी,” बाबा म्हणाले, आणि किसनरावांना कोपर मारून पुन्हा हसले.

ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. निम्मं सभागृह भरलं होतं; गावच्या बायका, ललितचे मित्र, कॉलेजची पोरं, काही माणसं नुसती एसी आहे म्हणून आलेली. दिवे गेले. सुरुवातीला फवारणीचे मुखवटे पाहून पोरं खिदळली. रुईची राख पडायला लागली तेव्हा मागं बसलेल्या दोन-तीन म्हाताऱ्या बायका खोकल्या. त्या जिनात वेचणीला होत्या, पडद्यावरच्या रुईनंही त्यांचा घसा धरला. पिक्चर वाईट होता. निदान मायाला तसा ठरवून टाकायचा होता, पण मधेच ललितनं तुटक्या छपरातून येणारं ऊन असं धरलं होतं, की तिला ते पूर्वीचं ऊन वाटलं, बाबांचा डबा घेऊन ती जायची तेव्हाचं. मग हापशी आली. बाबा डबा घेऊन बसले. आपला हात नाकाशी गेला आहे हे मायाला कळलं आणि तिनं तो खाली दाबून धरला. ह्या खेपेला तोंड फिरवायचं नाही. पहिला उमासा आला. एवढ्या मोठ्या पडद्यावर त्यातलं सगळं दिसत होतं, भाकरीचा तुकडासुद्धा. “अरे बाप्पा बाप्पा,” कोणी म्हणालं. बायकांनी पदर नाकाला लावले. एक पोरगा तोंडावर रुमाल दाबून बाहेर पळाला, त्याच्यामागून हशा गेला. पुढं एक गृहस्थ बायकोला म्हणाले, चल, उठ, हे काय दाखवून राहिले. बाबांनी कान धरला. किसनराव हसले नाहीत, त्यांनी तोंडही फिरवलं नाही; ते नुसते “बरोबर हाय” म्हणाले, शेजाऱ्यानं नांगरलेलं तास पाहून म्हणावं तसं. मायानं बावीसच्या बावीस सेकंद पाहिले. तिला पाच दिवसांत पहिल्यांदाच जरा अभिमान वाटला, की मी पाहिलं.

दिवे आले तेव्हा थोड्या टाळ्या झाल्या. ललितनं सहाही जणांना पुढं बोलावलं, बाबांना खुर्ची दिली. काही विचारायचं असेल तर विचारा, तो म्हणाला. मग कॉलेजची एक मुलगी उठली, अपेक्षा म्हणून नाव सांगितलं आणि म्हणाली, “काका, तो उलटीचा सीन तुम्ही कसा केला? मला अजून कसंतरी होतंय.” लोक हसले. बाबांनी माईक दोन्ही हातांनी धरला. ह्या प्रश्नाची ते किती दिवस वाट पाहत होते हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

“त्याचं असं झालं,” बाबा म्हणाले. “ह्या ललित्यानं मले सांगतलं, बाटलीतलं चांगलं पानी डब्यात वता, चहाचा रंग टाका, तोंडात बेसन धरा अन् ओकल्यावानी करा. आता सकायपासून पोट्ट्यायनं बाटल्या पिऊन टाकल्या, एकच रायली, ते माह्यापाशी. अन् माही पोरगी आलती अमरावतीहून, पाहाले. उन्हात उभी, तोंड लालभडक. तिच्या पोटाले आपल्याकडचं पानी सोसत नाही. मंग म्या काय केलं, कोनाले न सांगता ते बाटली तिले देऊन टाकली, अन् डबा हापशीवर भरला. म्हटलं तीस वर्स पेलो हेच पानी, ते काय वैरी हाय का आपलं? पन फॅक्टरी बंद पडल्यापासून सात वर्स तिथं कोनी पानी पेलंच नव्हतं. पोटात गेलं, अन् मंग मले काही कराच नाही लागलं. आपोआपच ॲक्टिंग झाली!”

हशाचा लोट उठला. ललित प्रोजेक्टरपाशी उभा होता, तो हसत नव्हता; त्यालाही हे आत्ताच कळत होतं. मग हसण्यातूनच टाळ्या सुरू झाल्या, मघा उठून चाललेले गृहस्थही दारात थांबून टाळ्या वाजवू लागले. कोणी ओरडलं, “कुठं आहे मुलगी?” बाबांनी बोट दाखवलं. “ते काय, तिसऱ्या लाइनीत. उभी राह्य वं माया.”

माया उभी राहिली. बाटली. बाबांनी कडुनिंबाखाली येऊन ती तिच्या हातात कोंबली होती, “पे,” म्हणाले होते आणि वळले होते. तिला वाटलं होतं, इथं पेट्याच्या पेट्या असतील. तिला तहान नव्हतीच. पर्समध्ये तिची स्वतःची बाटली होती, अमरावतीहून भरून आणलेली. पण येताना हापशीपाशी तिचे दोन्ही पाय त्या गाळात गेले होते, नव्या चपलेच्या पट्ट्यातून बोटांच्या बेचक्यांत तो काळा लगदा शिरला होता, आणि कधी एकदा तो जातो असं तिला झालं होतं. बाबा पाठमोरे होताच तिनं बूच काढलं आणि आधी उजवा पाय धुतला, मग डावा, बोटांच्या मधे चोळून चोळून, शेवटच्या थेंबापर्यंत. मग रिकामी बाटली भिंतीपलीकडं टाकली. बाबा तेव्हा हापशीचा दांडा मारत होते. त्या दांड्याचा आवाज तिनं ऐकला होता.

आजूबाजूच्या बायका तिच्याकडं मान वर करून पाहत होत्या. एकीनं तिच्या दंडावर हात ठेवला, “नशीब लागते बाई, असा बाप भेटाले.” किळस आली, ह्या वेळी ती कोणाची, हे तिला स्वतःला विचारावं लागलं नाही.

“गार होतं ना वं पानी?” बाबांनी माईकवरून विचारलं. सुजलेल्या तोंडावर ते खुशीत हसत होते.

“हो बाबा,” माया म्हणाली. “गार होतं. सारं पेली मी.”

टाळ्या पुन्हा वाजल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. त्या चालू असतानाच ती खाली बसली आणि तिनं दोन्ही पाय, जितके जातील तितके, खुर्चीखाली आत ओढून घेतले.